टॉमहॉक : यंत्र खरे, वेग कागदावरचा

डेट्रॉईटच्या मोटार प्रदर्शनात जानेवारी २००३ मध्ये क्रायस्लर समूहाचे वरिष्ठ अधिकारी वोल्फगांग बर्नहार्ड एका अजस्र वाहनावर स्वार होऊन व्यासपीठावर आले, तेव्हा सभागृह अवाक् झाले. ‘डॉज टॉमहॉक’ असे त्या वाहनाचे नाव. ‘व्हायपर’ या स्पोर्ट्स कारचे दहा सिलिंडरचे, ८.३ लिटर क्षमतेचे आणि पाचशे अश्वशक्तीचे इंजिन त्यात बसविण्यात आले होते. शंभर सीसीच्या मोटारसायकलवर रोज कामाला जाणाऱ्या वाचकाला त्याची कल्पना यावी म्हणून सांगायचे, तर अशा त्र्याऐंशी इंजिनांची क्षमता या एका वाहनात होती. वजन सुमारे ६८० किलो; चाके पुढे दोन आणि मागे दोन.

या वाहनाचे स्वागत दोन परस्परविरोधी सुरांत झाले. अनेक प्रेक्षकांना त्यात धाडस आणि कल्पकता दिसली. मोटारसायकलींच्या जाणकारांनी मात्र चार चाकांच्या या वाहनाला मोटारसायकल म्हणावे काय, येथपासूनच शंका उपस्थित केल्या. तथापि, वादाचा खरा मुद्दा चाकांचा नव्हता, तर वेगाचा होता. ताशी ४२० मैल, म्हणजे सुमारे ६७५ किलोमीटर हा आकडा तेव्हा चर्चेत आला. इंजिनची शक्ती आणि गिअरचे प्रमाण यांच्या आकडेमोडीतून तो निघाला होता. या हिशेबात हवेचा विरोध जमेस धरलेला नव्हता.

जाणकारांनी नेमके येथेच बोट ठेवले. वेग वाढतो तशी हवेला भेदण्यासाठी लागणारी शक्ती त्याच्या घनाच्या पटीत वाढते. ताशी ३०० मैलांवरून ४२० मैलांवर जायचे, तर वेग १.४ पट होतो. परंतु शक्ती सुमारे पावणेतीनपट लागते. त्यातच टॉमहॉकवरील चालक उघड्यावर बसलेला. वाऱ्यापासून त्याला कसलाही आडोसा नाही. त्या वेळी मोटारसायकलच्या वेगाचा जागतिक विक्रम अमेरिकेचे डेव्ह कॅम्पोस यांच्या नावावर होता. त्यांनी १९९० मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी ३२२ मैलांचा वेग गाठला होता. त्यासाठी हार्ले-डेव्हिडसनची दोन इंजिने आणि चालकाला पूर्णपणे आत घेणारे निमुळते कवच वापरावे लागले होते. या पार्श्वभूमीवर टीकेची धार वाढली आणि कंपनीलाही ४२० मैलांचा आकडा मागे घ्यावा लागला. ३०० मैलांचा सौम्य दावादेखील स्वतंत्र चाचणीने कधी सिद्ध झाला नाही.

अर्थात, कंपनीचा हिशेब वेगळा होता. १९८९ मध्ये याच प्रदर्शनात संकल्पना म्हणून मांडलेली व्हायपर पुढे खरोखरच बाजारात आली होती. त्यामुळे डॉजचे स्वप्न केवळ थट्टेवारी नेण्याजोगे नव्हते. टॉमहॉकचा मार्ग मात्र निराळा निघाला. २००३ च्या अखेरीस नीमन मार्कस या उंची दुकानाच्या नाताळ सूचीत ते ५,५५,००० डॉलरला विक्रीस आले. रस्त्यावर चालविण्याची परवानगी नसलेले ‘चाकांवरील शिल्प’ असे त्याचे वर्णन करण्यात आले. वेगाच्या गर्जनेने सुरू झालेला प्रवास दिवाणखान्यातील शोभेच्या वस्तूपाशी येऊन थांबला.

संकल्पना-वाहनाने अतिशयोक्ती करावी, यात गैर काही नाही. कलावंताप्रमाणे अभियंत्यालाही कल्पनेच्या भराऱ्या घेण्याचा अधिकार आहेच. आक्षेप आहे तो कल्पनेला मोजमापाचा दर्जा देण्याला. कंपनीने मागे घेतल्यानंतरही ४२० मैलांचा आकडा ‘जगातील सर्वांत वेगवान मोटारसायकलीं’च्या याद्यांत वर्षानुवर्षे छापला जात राहिला. दावा ठळक मथळ्यात येतो आणि त्याची माघार कोपऱ्यात जाते, हा वृत्तव्यवहाराचाही दोष म्हणावा लागेल.

विक्रमासाठी ठरावीक अंतर दोन्ही दिशांनी कापावे लागते, त्याची सरासरी धरली जाते आणि तिची अधिकृत नोंद होते. कॅम्पोस यांचा विक्रम पुढे मोडला गेला. २०१० मध्ये रॉकी रॉबिन्सन यांनी त्याच बॉनव्हिलवर ताशी ३७६ मैलांचा वेग गाठला. या दोन्ही आकड्यांमागे मैदान, वर्ष आणि मोजणी आहे. टॉमहॉकच्या आकड्यामागे यांपैकी काहीच नाही.