आडनाव न विचारणारी वाट

घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले आणि ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते जुने आंबेगावच पाण्याखाली गेले. पाणलोटातल्या आदिवासींच्या जमिनी बुडाल्या, आणि कालव्याचे पाणी खालच्या बागायतीला मिळाले. या भागातला एखादा तरुण आज मोबाईलवर पुनर्वसनाचे शासन निर्णय शोधतो, वनहक्काच्या दाव्याची माहिती घेतो, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमे वाचतो, तेव्हा आपण एकटेच वाचतो आहोत असा त्याचा समज असतो. तो समज खोटा आहे. तो कोणत्या संकेतस्थळावर गेला हे मोबाईल कंपनीला कळते. त्या संकेतस्थळाला त्याच्या जोडणीचा आयपी क्रमांक मिळतो. सिमकार्ड ओळखपत्रावर घेतलेले असल्यामुळे त्या क्रमांकामागचा माणूस शोधणे सत्तेला अवघड नाही.

आपल्या समाजाला हे नवे आहे काय? नाव सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला : आडनाव काय? आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव कोणते, आणि गावात घर कुठल्या बाजूला? आयपी क्रमांक हे इंटरनेटवरचे आडनावच आहे.

हे आडनाव झाकणारी जी व्यवस्था आहे तिचे नाव 'टॉर'. तिची मूळ कल्पना अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात जन्मली, २००२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली आणि २००६ पासून एक ना-नफा संस्था ती सांभाळते. तिच्या नावातच कांदा आहे. आंबेगाव-जुन्नरच्या शेतकऱ्याला कांद्याचे पापुद्रे समजावून सांगायला नकोत! आपली मागणी कुलूपबंद अशा तीन पापुद्र्यांत गुंडाळली जाते आणि जगभरच्या स्वयंसेवकांच्या तीन संगणकांतून पुढे जाते. प्रत्येक जण आपल्यापुरता एकच पापुद्रा सोलतो. पहिल्याला पाठवणारा कळतो, पण मुक्काम कळत नाही. तिसऱ्याला मुक्काम कळतो, पाठवणारा कळत नाही. मधल्याला दोन्ही कळत नाहीत.

व्हीपीएनची गोष्ट वेगळी. तिथे एकच मध्यस्थ असतो आणि त्याला सगळे दिसते. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे-पत्ते किमान पाच वर्षे जपून ठेवण्यास बजावले. काही कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले. टॉरमध्ये असा एकच ठेकेदार नाही की ज्याच्या दारात जाऊन वही मागावी.

यावर नेहमीचा सवाल येतो : ज्याला लपवायचे काही नाही त्याला भीती कशाची? ज्यांची झडती कधी झाली नाही, त्यांचाच हा सवाल असतो. बाबासाहेबांनी २४ मार्च १९४७ रोजी संविधान सभेच्या मूलभूत हक्क उपसमितीला दिलेल्या निवेदनात माणूस, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांना बेकायदा झडती-जप्तीपासून संरक्षण मागितले होते. हेच निवेदन 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' म्हणून आपण वाचतो, मात्र या कलमाकडे आपले लक्ष कमी गेले. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बी. एन. राव यांनी अशा तरतुदीवर आक्षेप घेतले, आणि ती संविधानात आली नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले. मधे सत्तर वर्षे गेली.

याच पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे येथे, जमिनीचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढणारे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. माहिती अधिकाराच्या अर्जावर नाव-पत्ता द्यावाच लागतो. तिथे टॉर उपयोगी नाही. परंतु हाती आलेला कागद नाव न सांगता वर्तमानपत्राकडे पोचवता येतो. जगातल्या काही मोठ्या वृत्तपत्रांनी त्यासाठी टॉरवर वेगळे दारच ठेवले आहे.

टॉरवर गुन्हेगारही असतात, हे खरे. 'सिल्क रोड' हा अमली पदार्थांचा बाजार त्यावरच चालत होता. पण अमेरिकी पोलिसांनी २०१३ मध्ये तो बंद केला आणि चालवणाऱ्यालाही पकडले. तपास करणाऱ्याला तपास करता येतो. त्यासाठी सगळ्या गावावर पाळत लागत नाही.

मात्र टॉर म्हणजे चिलखत नव्हे. ते वाट झाकते, घर नाही. भीमा कोरेगाव प्रकरणातील रोना विल्सन आणि नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकांत घातक प्रणाली घुसवून कागदपत्रे पेरली गेली, असे अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ च्या अहवालांत म्हटले. राष्ट्रीय तपास यंत्रणेने ते मानले नाही. संगणकच दुसऱ्याच्या ताब्यात गेला असेल, तर टॉर काय करणार? अनोळखी ईमेलची जोडलेली फाईल उघडू नये, ही खबरदारी त्याच्याही आधीची. टॉरवरून स्वतःच्या नावाने फेसबुक उघडले, तरी ओळख आपणच दिली!

आणखी एक अडचण आहे. कोणी टॉर वापरतो एवढे मोबाईल कंपनीला दिसू शकते. धरणाच्या वरच्या अंगाला एकट्याच माणसाने ते वापरले तर तोच नजरेत भरेल. नौदलालाही हेच कळले होते; फक्त त्यांचीच माणसे वापरतात म्हटल्यावर ती लगेच ओळखू आली असती, म्हणून वाट सर्वांना खुली केली. तेव्हा कार्यकर्त्यांनी साध्या बातम्याही टॉरवरून वाचाव्यात. टॉर ब्राऊझर २०१९ पासून अँड्रॉईड मोबाईलवर फुकट मिळतो. तो संथ चालतो, आणि रेंज कमी असेल तिथे आणखी संथ.