ऑक्टोबरअखेरीची भुते आणि घरातील पुस्तके

दिवाळीच्या आगेमागे, घरात फराळाचे डबे भरले किंवा रिकामे होत असतात, त्याच सुमारास ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ येते. न्यू जर्सीत अथवा लंडनमध्ये स्थायिक झालेल्या लेकीकडून नातवंडांची छायाचित्रे येतात. एकाने काळा झगा पांघरलेला असतो, दुसरीने तोंडावर हाडांचा सापळा रंगवून घेतलेला असतो. अलीकडे मुंबई-पुण्याच्या काही शाळांत आणि सोसायट्यांतही हे सोंग पोहोचले आहे. आजी-आजोबांना कौतुक वाटते आणि किंचित अस्वस्थताही. दिव्यांच्या दिवसांत ही भुते कशाला, असे एखादे वाक्य हमखास उमटते.

हॅलोविनचे मूळ आयर्लंड व स्कॉटलंडमधील प्राचीन केल्टिक लोकांच्या साउइन या पर्वात सापडते. उन्हाळा संपला, गुरे कुरणांवरून खाली आणली, आता लांबच लांब काळोख्या रात्री. या संधिकाळात जिवंतांचे आणि मृतांचे जग एकमेकांच्या निकट येते, अशी तेथील समजूत होती. पुढे ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याची आदली संध्याकाळ हॅलोविन झाली. आयरिश स्थलांतरितांनी ती अमेरिकेत नेली. मायदेशी ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत, अमेरिकेत त्यांना मोठा भोपळा मिळाला. सर्वपित्री अमावास्येला गेलेल्यांची आठवण काढणाऱ्या समाजात वाढलेल्या माणसाला यातील मूळ कल्पना फारशी परकी वाटू नये. मिठाईचा आणि मुखवट्यांचा बाजार नंतरचा.

त्या दिवसांत इंग्रजी वाचणाऱ्या देशांत भयकथा काढून बसण्याचीही प्रथा आहे, आणि घरातील पंधरा-सोळा वर्षांची मुले त्या पुस्तकांची नावे ऐकून मागणी करू लागतात. पालकांचा पहिला विचार नकाराचा असतो. परंतु मूल भीती शोधणारच असेल, तर ती रात्री पांघरुणाखाली मोबाईलच्या पडद्यावर शोधते, हे घरोघरी ठाऊक आहे. पडद्यावरचे रक्त दुसऱ्याने ठरवलेले असते आणि ते डोळ्यांवर आदळते. पुस्तकातील अंधार वाचकालाच रचावा लागतो आणि नको वाटले तर पान मिटता येते. हा फरक लहान नाही. म्हणून ‘द्यावे की न द्यावे’ यापेक्षा ‘कोणते द्यावे’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा.

किशोरांसाठी आरंभ मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’पासून करावा. याचे एक कारण असे, की ही कथा सुचली तेव्हा लेखिकाच अठरा वर्षांची होती. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा भीषण उद्रेक झाला. त्याची राख आकाशात पसरली आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा जणू आलाच नाही. १८१६ च्या जूनमध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसाने कोंडलेल्या काही तरुण मंडळींना कवी बायरनने सुचविले, की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी. मेरीची गोष्ट १ जानेवारी १८१८ रोजी तीन खंडांत प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीच्या प्रती केवळ ५०० होत्या आणि त्यांवर लेखिकेचे नाव नव्हते. प्रस्तावना पती पर्सी शेली यांनी लिहिल्यामुळे पुस्तकही त्यांचेच, असा अनेकांचा समज झाला.

फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नाव नव्हे, त्याला घडवणाऱ्या विद्यार्थ्याचे आहे. निर्माण केलेला जीव कुरूप दिसतो म्हणून तो त्याला टाकून पळतो. राक्षसाला नावसुद्धा मिळत नाही. तो एका झोपडीला लागून असलेल्या आडोशाला लपून माणसांचे बोलणे ऐकत भाषा शिकतो, वाटेत सापडलेल्या पेटीतील पुस्तके वाचतो, त्या घरासाठी रात्री गुपचूप लाकडे आणून ठेवतो. मग तो समोर येतो आणि मार खातो. या सदराच्या वाचकांनी मुद्दाम पाहावा असा एक प्रसंग पुढे आहे. स्वतःसाठी सहचरी मागताना हा जीव सांगतो, की आपले अन्न माणसांसारखे नाही. पोटासाठी कोकरू किंवा करडू आपण मारत नाही, रानातील फळांवर आपला निर्वाह होतो. हे वाक्य लेखिकेच्या हातून सहज आलेले नाही. पर्सी शेली यांनी १८१३ मध्ये शाकाहाराच्या समर्थनार्थ स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली होती आणि त्या घरात या विषयाची चर्चा होती. अर्थात हाच जीव पुढे माणसे मारतो, त्यांत एक लहान मूलही आहे, आणि त्याच्या गुन्ह्यासाठी एक निरपराध मोलकरीण फासावर जाते. अपराध कोणाचा, घडवणाऱ्याचा की घडलेल्याचा, यावर सोळा वर्षांचे मूल जेवताना वाद घालू लागले, तर तो वाद मोडू नये.

ब्रॅम स्टोकर यांचे ‘ड्रॅक्युला’ (१८९७) मात्र व्यापारी घरातील वाचकाने वेगळ्याच नजरेने वाचावे. स्टोकर हे लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचे व्यवस्थापक होते. हिशेब, पत्रव्यवहार, दौऱ्यांची व्यवस्था हा त्यांचा रोजचा उद्योग, आणि त्याची छाप कादंबरीवर स्पष्ट आहे. चित्रपटांनी या सरदाराचे सुळे आणि झगा तेवढा लक्षात ठेवला. पुस्तकात तो प्रथम भेटतो तो लंडनजवळ मालमत्ता खरेदी करणारा ग्राहक म्हणून. तरुण वकील जोनाथन हार्कर कागदपत्रे घेऊन त्याच्या किल्ल्यावर जातो. सरदाराच्या ग्रंथसंग्रहात लंडनची डिरेक्टरी आणि वकिलांची यादी असते, तो इंग्लंडच्या आगगाड्यांचे वेळापत्रक वाचत बसलेला दिसतो. एके रात्री तो विचारतो: इंग्लंडात एका माणसाला दोन वकील ठेवता येतात काय? निरनिराळ्या बंदरांत माल पाठवायचा असेल, तर प्रत्येक ठिकाणी वेगळा अडत्या नेमता येईल काय, म्हणजे एकालाही सारा व्यवहार कळणार नाही? हार्कर होकार देतो आणि मनोमन कबूल करतो, की हा उत्तम वकील झाला असता. ज्याने पेढीवर चार वर्षे काढली आहेत, त्याच्या अंगावर याच पानावर काटा येईल.

तो माल म्हणजे मातीने भरलेल्या ५० पेट्या. स्वदेशाच्या मातीवाचून सरदाराला विसावा नाही. पेट्या जहाजाने व्हिटबी बंदरात उतरतात, तेथून रेल्वेने लंडनला, तेथून गाडीवाल्यांकडून ठिकठिकाणी. पाठलाग करणाऱ्या मंडळींपाशी क्रूस आणि लसूण आहेत हे खरे, पण त्यांचे खरे शस्त्र म्हणजे बिल्ट्या, पोहोचपावत्या आणि एका हमालाची कान मुडपलेली खिशातली वही. २९ पेट्या पहिल्या वाड्यात उरल्या. ६ एका वस्तीत, ६ दुसऱ्या वस्तीत आणि ९ पिकॅडिलीच्या घरी गेल्या. बेरीज जुळते. मंडळी पिकॅडिलीच्या घरात शिरून मोजतात तर पेट्या आठच. खतावणीत एकाची तूट, आणि तेवढ्या एका तुटीवर उरलेली सारी कादंबरी उभी आहे. शेवटची पेटी समुद्रमार्गे परत निघाली, हेही जहाजांच्या नोंदींवरूनच कळते.

या शोधाचा मेळ घालणारी व्यक्ती आहे मीना हार्कर. लघुलिपी आणि टंकलेखन येत असल्यामुळे ती सर्वांच्या रोजनिशा, तारा, पत्रे तारीखवार लावून एक प्रत तयार करते. पुरुषमंडळी तिला ‘जपण्यासाठी’ एकदा चर्चेतून वगळतात, आणि नेमके तेव्हाच संकट तिच्यापर्यंत पोहोचते. दुकानाचे काम सुनेपासून लपवून ठेवणाऱ्या घरांनी हा भाग दोनदा वाचावा. पुस्तकात रक्त आहे, थडग्यातील एक प्रसंग कठोर आहे. पंधरा वर्षांच्या आत ते देऊ नये.

स्टोकर वारल्यानंतर १९२२ मध्ये एका जर्मन कंपनीने परवानगी न घेता, नावे बदलून ‘नोस्फेरातू’ हा चित्रपट काढला. त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा लावला आणि १९२५ मध्ये सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळवला. कंपनीचे दिवाळे आधीच निघाले होते. काही प्रती तरीही वाचल्या, आणि आज तो चित्रपट अभिजात मानला जातो.

ज्यांना चारशे पानांचा धीर नाही, त्यांनी डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची १९०२ मधील ‘द मंकीज पॉ’ ही कथा घ्यावी. अर्ध्या तासात संपते. हिंदुस्थानातून परतलेला एक सैनिक माकडाचा वाळलेला पंजा आणतो. एका फकिराने तो मंत्रून ठेवला आहे आणि तो तीन इच्छा पुऱ्या करतो, असे सांगतो. व्हाइट कुटुंबाला तसे काहीच कमी नाही. फक्त घराचे २०० पौंड फेडायचे उरले आहेत. तेवढेच मागितले जातात. दुसऱ्या दिवशी मुलाच्या कारखान्यातून एक गृहस्थ येतो, दाराशी घुटमळतो. यंत्राच्या अपघाताची जबाबदारी कंपनी घेत नाही, तथापि सेवेची दखल म्हणून काही रक्कम देऊ करते. रक्कम किती, हे वाचकाला आधीच कळलेले असते आणि तरीही आकडा वाचताना श्वास अडकतो. पुढे मध्यरात्री दारावर थाप पडते. आत आई कडी काढण्यासाठी धडपडते आहे आणि बाप अंधारात पंजा चाचपडतो आहे. शेवट येथे सांगणे अन्यायाचे होईल. हिंदुस्थानाला गूढ पंजांचा देश ठरवण्याची त्या काळच्या इंग्रजांची खोड या कथेतही आहे, तेवढे मुलांना सांगून ठेवावे.

हेन्री जेम्स यांच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ची थोरवी सर्वमान्य आहे, परंतु तिची लांबलचक वाक्ये किशोरांना थकवतात. ती मोठ्यांनी सवडीने वाचावी.

मोठ्यांसाठी खरी शिफारस शर्ली जॅक्सन यांची. ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९) मध्ये रक्त जवळजवळ नाहीच. नायिका एलेनॉर हिने आजारी आईच्या शुश्रूषेत अकरा वर्षे घालवली आहेत. आई गेल्यावर बहिणीच्या घरी तिला झोपायला जागा आहे, मान नाही. दोघींच्या सामाईक मोटारीवर आपला अर्धा हक्क आहे, असे स्वतःला बजावत ती एके सकाळी न विचारता गाडी काढते आणि एका पछाडलेल्या घरातील प्रयोगात सामील व्हायला निघते. त्या घरात एका रात्री अंधारात ती मैत्रिणीचा हात घट्ट धरून बसते, आणि दिवा लागतो तेव्हा मैत्रीण दूर, दुसऱ्या खाटेवर असते. हा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्याहून भयंकर आहे ते एलेनॉरला त्या घराविषयी वाटू लागणारे प्रेम, कारण आजवर कोणत्याही घराने तिला ‘राहा’ म्हटलेले नसते. आईवडिलांसाठी आयुष्य खर्ची घातलेली एखादी आत्या वा मावशी ज्या कुटुंबात आहे, तेथे हे पुस्तक निव्वळ भुताचे राहत नाही.

जॅक्सन यांची ‘द लॉटरी’ ही लघुकथा १९४८ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात आली. एक साधे गाव, उन्हाळ्याची सकाळ, चिठ्ठ्या काढण्याची जुनी रूढी. ती का पाळतात हे कोणालाच आठवत नाही, तरी मोडत कोणी नाही. त्या उन्हाळ्यात लेखिकेला तीनशेहून अधिक पत्रे आली. त्यांतील प्रेमळ म्हणावीत अशी तेराच, तीही बहुतेक स्नेह्यांची, असे त्यांनीच नोंदवून ठेवले आहे.

मराठी वाचकाला या वाटा अगदीच अनोळखी नाहीत. स्टीफन किंग यांनी ‘सालेम्स लॉट’ (१९७५) लिहिताना ड्रॅक्युला आधुनिक अमेरिकी गावात आला तर काय होईल, हा विचार केला होता. त्याच कादंबरीवरून नारायण धारप यांनी ‘लुचाई’ लिहिली आणि स्टोकरचा सरदार दोन वळणे घेऊन मराठीत पोहोचला. रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा तर शुद्ध येथल्या मातीतल्या, चाळीतल्या आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यातल्या. ज्या मुलाला इंग्रजी जड जाते, त्याच्या हाती मतकरी आधी द्यावेत.

आणि ज्या घरात दहा-बारा वर्षांचे मूल मोठ्या भावंडाच्या पुस्तकाकडे आशेने पाहत असेल, तेथे रे ब्रॅडबरी यांचे ‘द हॅलोविन ट्री’ (१९७२) आणावे. हॅलोविनच्या रात्री आठ मुले सोंगे घेऊन निघतात. त्यांचा लाडका सवंगडी पिपकिन आजारी आहे आणि मृत्यू त्याला ओढून नेतो आहे. एक विचित्र गृहस्थ मुलांना काळाच्या मागे घेऊन जातो. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांपासून पॅरिसच्या नोत्रदामपर्यंत आणि मेक्सिकोतील मृतांच्या दिवसापर्यंत माणसांनी मरणाची आठवण कशी ठेवली, ते मुले पाहतात. अखेरीस सौदा समोर येतो: पिपकिन हवा असेल तर प्रत्येकाने आपल्या आयुष्याच्या शेवटचे एक वर्ष द्यावे. शेवटचे, म्हणजे म्हातारपणातले; आज त्याची किंमत काहीच वाटत नाही. गृहस्थ मुलांना बजावतो, की पुढे तेच वर्ष हवेहवेसे होईल. मुले एकमेकांकडे पाहतात आणि एकेक जण पुढे येतो.

पुस्तक दीडशे पानांच्या आसपासचे, आणि मोठ्याने वाचण्यासारखे. आजोबांनी ते नातवंडांना वाचून दाखवायला घेतले, तर या पानाशी थोडे थांबावे लागेल. ‘आजोबा, तुम्ही दिले असते का एक वर्ष?’ हा प्रश्न मुले विचारतातच.