पाच मिनिटं बसू तर द्या!

"बीपी वाढलंय, गोळी सुरू करा." हे वाक्य कधीच ऐकलं नाही, अशी पन्नाशीची बाई आपल्या समाजात शोधून दाखवा! मीही ऐकलं. लोधीखेड्याहून सकाळची बस धरून नागपूरला गेले. दोन तास बाकावर, लघवी दाबून, कारण उठलं तर नंबर जाईल. नाव पुकारलं तशी धावत आत. पोलक्याच्या बाहीवरूनच पट्टा आवळला. डॉक्टर विचारताहेत, मी बोलतेय, हात लोंबतोय. आकडा आला १६४. घरी येऊन आठ दिवस शांतपणे मोजलं, तर १२६, १२८, १२४. आता सांगा, चुकलं कोण? मी, की मोजण्याची रीत?

वरून ऐकायचं, "तुम्ही बायका फार टेन्शन घेता." अहो, ही बायकांची खोड नव्हे. १९८३ साली इटलीत ज्युसेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातल्या रोग्यांचा रक्तदाब सतत नोंदवला. डॉक्टर खाटेजवळ येताच चार मिनिटांच्या आत वरचा आकडा सरासरी २७ ने चढला आणि भेट संपेपर्यंत बराचसा उतरला. त्या रोग्यांत पुरुषही होते! यालाच व्हाइट कोट, म्हणजे पांढऱ्या कोटाचं बीपी म्हणतात.

नियम तर डॉक्टरांच्याच पुस्तकात आहेत. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, लघवी करून यावं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं, पट्टा उघड्या दंडावर, हात हृदयाच्या उंचीवर टेकलेला. मिनिटभर थांबून पुन्हा मोजावं. आपण सामायिकाला दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं बसतो. दवाखान्यात आपल्याला पाच मिनिटं मिळत नाहीत?

"गर्दी फार असते," हे उत्तर मला माहीत आहे. गर्दी असते, मान्य. पण बाहेर एक खुर्ची ठेवून नर्सबाईंनी मोजायला किती खर्च येतो? नर्सने मोजलं तर चढही कमी होतो, हेही त्याच इटलीच्या मंडळींनी पुढे दाखवलं.

हा नुसता आकड्याचा वाद नाही. माझ्या मोठ्या जाऊबाईंना अशाच एका घाईच्या मोजणीवर गोळी लागली. चतुर्दशीचा उपवास, पाणी एकदाच, वरून गोळी. मंदिराच्या पायरीवर चक्कर येऊन पडल्या. "मले गोळीआधी कधी चक्कर नव्हती आली बाप्पा," असं त्या आजही म्हणतात. उपवास करता का, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि आपणही सांगितलं नाही, ही आपली चूक.

आता थोडं आपल्या घरातलं बोलू. "माझं तर पांढऱ्या कोटाचंच आहे," म्हणून पापड-लोणचं ओरपत बसणाऱ्याही आपल्यात कमी नाहीत. ज्यांचं दवाखान्यात वाढतं, त्यांचं पुढे खरोखर वाढण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. काहींचं तर उलटं, दवाखान्यात बरोबर आणि घरी चढलेलं. ते कुणाला कळतच नाही. म्हणून मनानं गोळी सोडायची नाही, पण डोळे मिटून घ्यायचीही नाही.

मग करायचं काय? सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ किंवा त्याच्यावर गेलं तर ते खरंच वाढलेलं समजतात. वही घेऊन डॉक्टरांकडे जा, उपवासाचे दिवस सांगा आणि गोळीचं तिथेच ठरवा.

घरात हिशेबाच्या वहीत दुधाचा अर्धा लिटर चुकला तर आपण गवळ्याला थांबवतो. जन्मभराच्या गोळीचा हिशेब मात्र एका घाईच्या आकड्यावर सोडून देतो. पुढच्या वेळी आत जाल तेव्हा घाबरू नका, भांडूही नका. एवढंच म्हणा, "डॉक्टरसाहेब, आधी पाच मिनिटं बसू द्या."