वा-वा पेडल आणि ‘तो जुना आवाज’

आमचा नातू इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि पायाखाली एक वा-वा पेडल ठेवतो. टाच दाबली की गिटार ‘ऊ’ म्हणते, चवडा दाबला की ‘आ’. मराठीच्या मास्तराला आणखी काय हवं! तोंडाचा चंबू करून तो हळूहळू उघडला की जे होतं, तेच इथे एक कॉइल आणि एक कंडेन्सर मिळून करतात. आवाजातला एक अरुंद पट्टा उचलून धरायचा आणि पायाने तो वर-खाली सरकवायचा. १९६६ साली अमेरिकेत थॉमस ऑर्गन कंपनीतल्या ब्रॅड प्लंकेट यांनी हे सर्किट चक्क ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलमध्ये बसवलं. १९६८ मधलं हेंड्रिक्सचं ‘वूडू चाइल्ड’ लावा, सुरुवातीलाच भेटेल.

तर नातवाला नव्या पेडलमधून ‘तो जुना आवाज’ हवाय. त्यासाठी कुठल्याशा जुन्या इटालियन पेडलमधून उपटलेली कॉइल घ्यायचं त्याच्या मनात आहे. माझं मत, घेऊ नये. पैशांचं सोडा, पण त्या कॉइलपायी पन्नास वर्षं टिकलेलं एक पेडल कायमचं मुकं झालं, त्याचं काय?

शिवाय जुना म्हणजे नेमका कोणता आवाज? त्या काळचे सुटे भाग ढोबळ मापाचे. छापलेला आकडा एक, प्रत्यक्षात दहा-वीस टक्के इकडे-तिकडे. एकाच कंपनीची दोन पेडलं शेजारी ठेवली तर एक बोलकं, दुसरं नाकात गाणारं. (रेडिओ दुरुस्तीचा नाद केलेल्यांना हे सांगायला नको.)

आवाज बोलका करायचा तर कॉइलला समांतर जोडलेला ३३ किलोओहमचा रेझिस्टर बघावा. तिथे ४७ किंवा ६८ किलोओहमचा लावला की तो पट्टा टोकदार होतो आणि स्वर स्पष्ट उमटतो. खर्च एका चहाचाही नाही. गंमत म्हणजे जुन्या पेडलांतही ३३ चाच असे! म्हणजे लोक ज्याला जुना आवाज म्हणतात तो पुष्कळदा आठवणीतला असतो. त्यात वाईट काही नाही, पण मग भागाच्या नावाला कशाला भुलायचं? तिथे तात्पुरता व्हेरिएबल रेझिस्टर जोडावा, कानाला पटेल तिथे थांबावं, मीटरने मोजावं आणि तेवढ्याच किमतीचा कायमचा लावावा.

स्विचचंही तेच. जुन्या पेडलांचा स्विच साधा, त्यामुळे पेडल बंद असतानाही गिटारचा थोडा तजेला खाऊन टाकायचा. आता जुन्या आवाजाचे भक्तच तो आधी बदलतात! मीही बदलेन. जुनं आहे म्हणून दोषही जपायचे, हे मला पटत नाही.

एवढं करूनही समाधान झालं नाही, तर डनलॉपने पुन्हा बनवलेली फासेल कॉइल लावून बघ म्हटलं. मात्र आधीची काढताना सोल्डर नीट शोषून घ्यायचं, घाई केली तर बोर्डावरची तांब्याची रेघ उखडते. आणि काढलेली कॉइल फेकायची नाही. माझ्याकडे स्क्रूंची पत्र्याची डबी आहे, तिच्यात ठेवू.