मुदत बाकी, पानं संपली

पासपोर्टची मुदत सगळे पाहतात, कोरी पानं फारसं कुणी मोजत नाही. चेक-इन काउंटरवरची मुलगी मात्र मोजते. चूक झाली तर प्रवाशाला परत आणण्याचा भुर्दंड विमान कंपनीवर पडू शकतो, त्यामुळे तिथे गयावया करून उपयोग नसतो.

शेंगेन व्हिसाच्या अर्जालाच किमान दोन कोरी पानं लागतात. कोपऱ्यात उरलेली जागा धरली जात नाही.

पूर्वी अमेरिका भरलेल्या पासपोर्टला २४ जादा पानं जोडून देई. १ जानेवारी २०१६ पासून तेही बंद झालं. भारतीय पासपोर्टलाही पुरवणी जोडून मिळत नाही, नवीनच काढावा लागतो. परदेशात असाल तर वकिलातीत अर्ज करा, थांबा आणि पुढची तिकिटं बदला!

खरं तर आपल्याकडे ६० पानी पासपोर्ट मिळतो. प्रौढांसाठी ३६ पानीचं साधं शुल्क १,५०० रुपये, ६० पानीचं २,०००. फरक पाचशेचा. सतत बंदरं बदलणाऱ्या खलाशाला किंवा कंपनीच्या कामासाठी फिरणाऱ्या अभियंत्याला ही रक्कम किरकोळच. तरी अर्ज भरताना सवयीने ३६ वर टिचकी पडते. वारंवार प्रवास करणाऱ्याला ६० पानांचा पर्याय अर्जातच ठळकपणे सुचवायला काय हरकत आहे?

हाँगकाँग, सिंगापूरने शिक्के थांबवलेत, हे खरं. पण पूर्ण पान अडवणारे व्हिसाचे स्टिकर अजून अनेक देश चिकटवतातच. आणि नवा पासपोर्ट मिळाल्यावर जुना माळ्यावर टाकू नये: त्यातला अमेरिकेचा मुदतीतला व्हिसा चालतो, फक्त दोन्ही पुस्तिका सोबत ठेवाव्या लागतात.