‘कू’चा दाखला गैरलागू



स्वतंत्र समाजमाध्यमे टिकत नाहीत, हे सांगताना गेल्या अंकातील पत्रलेखकांनी ‘कू’चा दाखला दिला. ‘कू’वर मराठीत लिहिता येई, पण मालक एकच कंपनी होती, जुलै २०२४मध्ये तिने गाशा गुंडाळला आणि सगळेच आटोपले. ‘मॅस्टोडॉन’ या समाजमाध्यमाचे तसे नाही. तिथे सर्व्हर वेगवेगळ्या लोकांचे, तरी एकमेकांना जोडलेले. एक बंद होणार असेल तर आपले अनुयायी घेऊन दुसरीकडे जाता येते. जुन्या नोंदी मात्र सोबत येत नाहीत, आणि ही उणीव गंभीर आहे.

नोव्हेंबर २०१९मध्ये वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर अनेक भारतीय ‘मॅस्टोडॉन’कडे गेले होते. पण ओळखीचे कोणी नसेल तिथे माणूस रमत नाही. म्हणून एकेकट्याने जाऊन भागणार नाही. एकत्र जायला कारणही आहे. आमच्याकडे कपाशीवर बोंडअळी दिसली की फोटो लगेच शेतकऱ्यांच्या मोबाइलवरच्या गटावर फिरतो. पुढच्या हंगामात शोधायला जावे तर सापडत नाही. पुसद, उमरखेड, महागावच्या महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी मिळून वर्गणीवर ‘मॅस्टोडॉन’चा एक सर्व्हर चालवावा, ही माहिती तिथे मराठीत साठवावी. ‘मेटा’ कंपनीचे ‘थ्रेड्स’ हे समाजमाध्यमही आता जोडलेल्या सर्व्हरांच्या याच जाळ्याशी जोडले जात आहे. त्याला दार उघडायचे की नाही, हे वर्गणीदारांनीच ठरवावे.

– एक वाचक, महागाव (जि. यवतमाळ)