जुने यंत्र मोडीत कोण काढतो?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीचा नियमित आधार थांबविला. ‘विंडोज ११’साठी ठराविक नवे प्रोसेसर आणि सुरक्षेची विशिष्ट व्यवस्था लागते. परिणामी, उत्तम चालणारी असंख्य यंत्रे एका दिवसात ‘जुनी’ ठरली. त्यांतील एकही भाग झिजला नव्हता. संपला होता तो त्यांतील मालकांचा स्वारस्यभाव.

प्रिंटर, स्कॅनर यांसारख्या उपकरणांना संगणकाशी बोलते करणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. २००७ साली ‘विंडोज व्हिस्टा’ बाजारात आली तेव्हा नवा ड्रायव्हर न मिळाल्यामुळे कित्येक धडधाकट उपकरणे अडगळीत गेली. जुन्यासाठी ड्रायव्हर लिहावयाचा की नवे उपकरण विकावयाचे, हा निर्णय उत्पादकाच्या हाती असेल, तर त्याचा कल कोणीकडे राहील हे सांगण्यास अर्थशास्त्राचे मोठे ज्ञान लागत नाही.

या मक्तेदारीला छेद देणारा प्रयोग ‘लिनक्स’चा. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यास आरंभ केला. त्यातील व्यवस्था समाजवाद्यांनी मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. वापरणाऱ्याची जुनी आज्ञावली नव्या आवृत्तीत बंद पडता कामा नये, हा तेथील कडक दंडक. मात्र गाभ्याच्या आतील रचना बदलण्यास पूर्ण मुभा. अट एवढीच, की जो रचना बदलील त्यानेच सामाईक भांडारातील सर्व संबंधित ड्रायव्हर दुरुस्त करावेत. म्हणजे जुन्या उपकरणाला अभय मिळते ते कंपनीच्या वचनामुळे नव्हे, तर ड्रायव्हर सर्वांच्या मालकीचा असल्यामुळे. उलट, जी कंपनी आपला ड्रायव्हर भांडाराबाहेर, कुलुपात ठेवते, तिचा ड्रायव्हर प्रत्येक बदलासरशी मोडण्याचा धोका असतो. अनेक अँड्रॉइड फोन चांगल्या स्थितीत असूनही अकाली निरुपयोगी होतात, त्याचे एक कारण हेच आहे.

तथापि सामाईक मालकीने सर्व प्रश्न सुटतात, अशी भाबडी समजूत नको. जुने सांभाळणे हेही श्रम आहेत, आणि ते कोणीतरी करावे लागतात. ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्सचा जन्म झाला, त्याचाच आधार डिसेंबर २०१२ मध्ये काढण्यात आला. त्या जुन्या वळणाचा भार पुढच्या प्रत्येक कामावर पडत होता. हा निर्णय अयोग्य होता असे म्हणता येत नाही. परंतु आज लिनक्सचे बहुतांश काम मोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. ज्या उपकरणात कंपनीचा व्यवहार उरला नाही, त्याची राखण एखाददुसऱ्या स्वयंसेवकाच्या फावल्या वेळेवर येते. गावातील शाळेचा जुना प्रिंटर हा कोणत्याच ताळेबंदात बसत नाही. मालकी सामाईक, पण श्रमांची दिशा भांडवलाने ठरविलेली, हा या प्रयोगातील खरा अंतर्विरोध होय.

तो सोडविण्याची जबाबदारी लोकशाही शासनाची आहे. भारत सरकारने २०१५ साली मुक्त आज्ञावलीला प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले. केरळच्या सरकारी शाळांनी ती प्रत्यक्षात वापरून दाखविली. आता पुढचे पाऊल हवे. ज्या उपकरणाचा ड्रायव्हर सामाईक भांडारात खुला नाही, ते सार्वजनिक पैशातून खरेदी होऊ नये. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांना जुन्या ड्रायव्हरांची राखण हे अनुदानित काम म्हणून द्यावे. जिल्हा परिषदा व नगरपालिकांतील पक्षाच्या प्रतिनिधींनी संगणक-खरेदीचा ठराव येताच किमतीबरोबर हाही प्रश्न विचारावा : हे यंत्र किती वर्षे चालेल, आणि ते ठरविणार कोण?

उत्पादनाची साधने कोणाच्या हाती, हा प्रश्न समाजवादी चळवळीने नेहमीच विचारला. साधन मोडीत काढण्याचा अधिकार कोणाच्या हाती, हा त्याच प्रश्नाचा उत्तरार्ध आहे.